सुईबाईंची नात

काचेच्या सिरिंजा होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एकदा टोचून फेकून द्यायची चैन तेव्हा नव्हती. सिरिंज उकळायची, पुसायची, पुन्हा वापरायची, आणि हातातून निसटून फुटलीच तर डॉक्टरांच्या कपाळावरची आठी दोन दिवस सोसायची. बुटांच्या दुकानावर, अठरा पायऱ्यांचा कुरकुरणारा लाकडी जिना चढून गेलं की मुलांचा दवाखाना लागायचा. पुढच्या खोलीत बाकं, मधल्या खोलीत डॉक्टर आणि मागच्या चिंचोळ्या खोलीत सुईबाई. आज तिथे मोबाईलचं दुकान आहे आणि जिना सिमेंटचा झालाय. पण त्या भागात वाढलेली, आता केस पिकलेली माणसं तिथून जाताना अजूनही नकळत दंड चोळतात.

सुईबाईंना खरं नाव होतं. ते हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. हे दुसरं नाव कुणा पोरानं ठेवलं देव जाणे, पण ते असं चिकटलं की पत्रंसुद्धा त्याच नावानं येत आणि पोस्टमन ती बिनचूक आणून देई.

सकाळी आठाला त्या येत. आधी खुंटीवरचा पांढरा कोट अंगात. मग स्टोव्ह पेटवून त्यावर स्टीलची लांबट पेटी, पेटीत पाणी, पाण्यात सिरिंजा आणि सुया. उकळलेली प्रत्येक सुई त्या कापसाच्या बोळ्यावरून हलकेच ओढून बघत. धागा अडकला तर टोकाला खरखर आली म्हणायची. मग दोन थेंब तेल, छोटा गुळगुळीत दगड, आणि चष्मा नाकावर घसरेपर्यंत धार लावणं. डॉक्टर म्हणत, “बाई, एवढं कशाला? पोरं रडायचीच.” त्यावर सुईबाई म्हणत, “रडू देत. पण माझ्या सुईच्या चुकीनं नको.”

हात असा हलका, की बोलता बोलता टोचून व्हायचं. तरी पोरं रडायची. आणि गंमत अशी, की टोचल्यावर रडायची ती फक्त अगदी तान्ही बाळं. जरा मोठी झालेली आधीच रडायची. चिमट्यानं पेटीचं झाकण उचललं की ‘खण्ण’ असा आवाज व्हायचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुलं त्या ‘खण्ण’ला रडू लागत. पुढच्या खेपेला स्पिरिटच्या वासाला. त्याच्या पुढच्या खेपेला जिन्याच्या पहिल्या पायरीला. असं रडणं एकेक पायरी खाली उतरत उतरत शेवटी बुटांच्या दुकानात शिरलं. एका पोरानं तिथे नवे बूट घालून बघायला साफ नकार दिला. दुकानदार हात जोडून वर आला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, वर काय करायचं ते करा, पण माझं दुकान वाचवा.”

कोपऱ्यावर आईस्क्रीमची गाडी उभी असायची. एका दुपारी गाडीवाल्यानं सुईबाईंना थांबवलं.

“बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?”

“बोला की.”

“तुम्ही कोट बदला, नाहीतर मी तरी बदलतो. काल एक पोरगं पळत गाडीपाशी आलं, माझा पांढरा कोट बघितला आणि असं किंचाळलं, की त्याच्या आईला वाटलं मी चिमटाच काढला. आईस्क्रीमवाल्याला बघून पळालेलं मूल जन्मात कधी ऐकलंत?”

सुईबाई हसून हसून बेजार झाल्या. घरी पोचेपर्यंत मात्र ते हसू ओठांवरून पार उतरलं होतं. कारण वाटेत एका खिडकीतून आवाज आला होता, “जेवतोस का बोलावू सुईबाईंना? ती बघ, चाललीच आहे!” त्या वस्तीत बागुलबुवा कधीच बेकार झाला होता. त्याचं काम सुईबाईंकडे आलं होतं. डॉक्टर मात्र नामानिराळे. “वा, शहाणं बाळ!” म्हणून गालाला चिमटा काढायचा आणि बाळाला मागच्या खोलीत पाठवून द्यायचं. मुलांच्या लेखी डॉक्टर म्हणजे देवमाणूस.

यावर सुईबाईंनी आपल्या परीनं उपाय काढला होता. टेबलावर काचेची बरणी, बरणीत लिंबाच्या गोळ्या. मूल रडलं की एक गोळी हातावर. फारच रडलं तर दोन. गोळी तोंडात गेली की आवाज बंद, पुढचं मूल आत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

घरी सुईबाईंचे यजमान. हातावरची नि भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान बंद केल्यावर खिडकीशी टेबल मांडून, एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर बसलेले असत. मुलगा नोकरीसाठी दूर परदेशी गेला होता आणि घर मिळालं की बायको-मुलीला बोलावून घेणार होता. तोवर सून आणि दोन वर्षांची नात इथे राहायला आल्या. नात चालायला लागल्यापासून सरळ कधी चाललीच नव्हती. स्वतःभोवती गिरक्या घेत जायची, म्हणून तिचं नाव भिंगरी.

येऊन चार दिवस झाले नाहीत, तोच भिंगरीच्या छातीत कफ भरला. अंग भट्टीसारखं तापलं. डॉक्टरांनी पाच दिवसांची दहा इंजेक्शनं लिहून दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक.

“दवाखान्यात रोज दोन वेळा आणू नका तिला,” ते म्हणाले. “बाई, घरीच देत जा. की दुसऱ्या कुणाला पाठवू?”

“माझ्या नातीला दुसऱ्या कुणाची सुई कशाला?” सुईबाई ताठ मानेनं म्हणाल्या.

इथेच त्या चुकल्या. पण एकतीस वर्षं ज्या हाताचं नाव झालं, तो हात घरच्या पोरीला द्यायचा नाही, तर कुणाला द्यायचा? दवाखान्यातून कोट न उतरवताच त्या धावत येत, स्वयंपाकघरात पेटी उकळत, झाकण खण्णकन वाजे, आणि पुढच्या मिनिटाला भिंगरीच्या मांडीत सुई. दहा वेळा. सहाव्या दिवशी ताप उतरला. पोरगी खडखडीत बरी झाली, सकाळी उठून दोन गिरक्याही मारल्या. सुईबाईंनी दारातच हात पसरले.

“ये गं माझी भिंगरी!”

भिंगरीनं बघितलं. तिचा श्वास अडकला, चेहरा लालभडक झाला, आणि ती जी किंचाळली, की खिडकीशी बसलेल्या आजोबांच्या हातातला स्क्रू कुठेतरी उडाला. ती आईच्या पायांमागे शिरली आणि सुईबाई समोरून हलेपर्यंत बाहेर आली नाही.

“अगं, एकतीस वर्षं जगाची पोरं रडवलीस,” आजोबा जमिनीवर स्क्रू शोधत म्हणाले, “घरची कशी सुटेल?”

ते थट्टेनं बोलले होते. पण सुईबाई मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ उघडा ठेवून उभ्या राहिल्या.

जायला सहा आठवडे उरले होते. एकदा गेल्यावर तीन वर्षं तरी येणं नव्हतं. तीन वर्षांनी ही पोर परत येईल, तेव्हा आजी म्हणून तिला काय आठवेल? मांडीत घुसलेली एक सुई! सुईबाईंना फार काही नको होतं. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, भिंगरीनं कुणी न ढकलता, आपल्या पायांनी आपल्याकडे यावं, एवढंच.

त्यांनी जुना उपाय केला. भिंगरी रडली की बिस्कीट पुढे करायचं. बिस्कीट बघून ती गप्प व्हायची, ते खायची आणि आजी दोन पावलं पुढे आली की दुप्पट रडायची. आठवड्याभरात अशी पाळी आली, की सुईबाई दारातून नुसत्या डोकावल्या तरी भोंगा सुरू, आणि रडता रडता एक हात बिस्किटासाठी पुढे.

सून भाजी निवडत हे बघत होती. तिला हसू आवरेना.

“आई, तुम्ही तर तिला रडायची शिकवणी लावलीत!”

“हस बाई, हस. माझा जीव जातोय आणि तुला हसू येतंय.”

“तसं नाही हो. खरंच सांगते. आम्हाला कॉलेजात मानसशास्त्र होतं ना, त्यात हेच सगळं होतं.” तिनं भाजी बाजूला सारली. “एक शास्त्रज्ञ होता. तो कुत्र्याला खायला द्यायच्या आधी रोज ठरावीक आवाज करायचा. पुढे पुढे खाणं नसलं, तरी नुसत्या त्या आवाजानं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. याला म्हणतात अभिजात अभिसंधान.”

“नाव ऐकूनच ताप यावा,” आजोबा भिंगाआडून म्हणाले.

“नाव सोडा, बाबा. साधं आहे. सुई दुखते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण दर वेळी सुईच्या आधी झाकण वाजतं, स्पिरिटचा वास येतो, पांढरा कोट दिसतो. दहा वेळा असं झालं की दुखण्याची आणि कोटाची जोडी जमते. मग कोट दिसला तरी पुरे. आणि कोटात आई तुम्ही, म्हणजे तुम्हीही त्या जोडीत.”

“आणि तो आईस्क्रीमवाला?”

“दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना? तो बिचारा ताक!”

सुईबाई हसल्या नाहीत. पुढचं ऐकायला त्या पुढे सरकून बसल्या.

“ही झाली एक गोष्ट. दुसरी बिस्किटाची. जे केल्यानं काही पदरात पडतं, ते आपण पुन्हा करतो. ज्यातून काही मिळत नाही, ते हळूहळू सुटतं. भिंगरी रडली की तुम्ही बिस्कीट देता. ती का नाही रडणार? आणि बिस्कीट दिलं की ती गप्प बसते, तुम्हाला सुटल्यासारखं वाटतं, म्हणून तुम्ही पुन्हा देता. तुम्ही तिला शिकवताय आणि ती तुम्हाला.”

“हे म्हणजे आमच्या चहासारखं,” सुईबाई सावकाश म्हणाल्या.

“कुठल्या चहासारखं?” आजोबांनी भिंग काढलं.

“तुम्ही कुरकुर केली की मी चहा ठेवते. चाळीस वर्षं. मला वाटायचं तुमचा स्वभावच कुरकुरा!”

सून एवढी हसली, की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून कुरकुरीला चहा बंद झाला. आजोबा गप्प बसून काम करत असले की टेबलावर कप आपोआप यायचा. चौथ्या दिवशी ते संशयानं कपाकडे बघत म्हणाले, “आज मी काही बोललोसुद्धा नाही. यात काही घातलंय का?”

पण सुनेशी बोलणं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात सुईबाईंचं लक्ष कशातच लागलं नाही. बरणी समोर होती. त्यांना एक मुलगी आठवली, दोन घट्ट वेण्यांची. पहिल्या खेपेला ती दात आवळून बसली होती, हूं की चूं केलं नव्हतं. सुईबाईंनी तिची पाठ थोपटली आणि तिला तसंच पाठवलं, कारण गोळी रडणाऱ्यासाठी. तिच्या मागून भोकाड पसरत आलेल्या पोराला दोन मिळाल्या. पुढच्या खेपेला तीच मुलगी आत आली, आधी बरणीकडे बघितलं, मग सुईकडे, आणि मग तोंड उघडलं. हे त्यांनी तेव्हाही पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र आज लागला.

त्यांनी बरणीचा कायदा बदलला. हात सैल सोडला, तर गोळी. दहापर्यंत आकडे म्हटले, तर गोळी. डोळ्यांत पाणी आलं तरी हरकत नाही, पण जागेवर बसलं, तर गोळी. नुसत्या भोकाडाला काही नाही. पहिले दोन आठवडे दवाखान्यात नुसता गोंधळ उडाला. ज्या मुलांना रडून गोळी मिळायची सवय होती, ती मिळेना म्हटल्यावर दुप्पट जोरात रडून बघू लागली. आयांनी नाकं मुरडली, “सुईबाई कंजूष झाल्या हो.” डॉक्टर आत डोकावले, “बाई, दवाखाना आहे की मासळीबाजार?”

“पंधरा दिवस द्या, साहेब.”

तिसऱ्या आठवड्यात मागच्या खोलीतून आकडे म्हणण्याचा आवाज येऊ लागला. एक पोरगं चुकून बारापर्यंत गेलं आणि जास्तीच्या दोन आकड्यांसाठी वेगळी गोळी मागू लागलं.

घरचं काम याहून अवघड होतं. सुईबाई आता कोट दवाखान्यातच ठेवत. कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे, बोटांना लिंबाची साल चोळायची, तेव्हा कुठे तो स्पिरिटचा वास जाई. बैठकीच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सोळा फरश्या होत्या. सोळाव्या फरशीवर भिंगरीचे ठोकळे, पहिल्या फरशीवर सुईबाई. ‘ये’ म्हणायचं नाही, हात पसरायचे नाहीत, तिच्याकडे टक लावून बघायचंही नाही. सुनेनं हे नियम घालून दिले होते, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांना ‘हलू नको’ म्हणणारी बाई आता स्वतः न हलता बसत होती.

रिकामं किती बसणार, म्हणून त्यांनी मटार सोलायला घेतले. तिसऱ्या दिवशी एक शेंग फट्कन फुटली आणि एक दाणा उडून फरश्यांवरून घरंगळत थेट ठोकळ्यांपाशी गेला. भिंगरीनं दाणा बघितला. आजीकडे बघितलं. मग दाणा उचलून तोंडात टाकला.

सुईबाईंनी मान वर केली नाही. फक्त सोलायचा वेग जरा मंदावला.

मग रोज मटार. भिंगरी गप्प असली, एखादी फरशी पुढे सरकली, की एक दाणा घरंगळत जायचा. रडू लागली की दाणा नाही, ओरडणं नाही, समजावणंही नाही. शेंगा सोलणं तेवढं चालू. घरात इतके मटार झाले, की आजोबा म्हणाले, “हे असंच चाललं तर मी हिरवा होईन.” पंधरा फरश्या, बारा, नऊ. एकदा एकाच दिवसात दोन. अठराव्या दिवशी भिंगरी तीन फरश्यांवर येऊन बसली, इतकी जवळ, की तिच्या केसांचा वास येत होता.

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरात सुनेनं पातेल्यावरचं झाकण चिमट्यानं उचललं आणि ते निसटून ओट्यावर पडलं. खण्ण!

भिंगरी उठली ती थेट सोळाव्या फरशीपलीकडे, दाराबाहेर, आजोबांच्या टेबलाखाली. अर्धा तास ती तिथून बाहेर आली नाही.

सून कणीक माखल्या हातांनी दारात उभी राहिली. “आई, मी… माझ्या हातून…”

“तुझ्या हातून झाकण पडलं. झाकण वाजवायला शिकवलं कुणी? मी.” सुईबाईंनी उरलेल्या शेंगा टोपलीत टाकल्या. “झालं. एवढ्या दिवसांचं पाण्यात गेलं.”

“नाही गेलं. हेही पुस्तकात आहे. विझत आलेलं एकदा पुन्हा भडकतं, पण दुसऱ्यांदा लवकर विझतं. उद्या बसा तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी सुईबाई पुन्हा पहिल्या फरशीवर बसल्या. या वेळी सोळाच्या तीन व्हायला पाच दिवस लागले. मग एका सकाळी भिंगरीनं शेवटच्या फरश्याही ओलांडल्या, त्यांच्या गुडघ्याला गुडघा टेकवून बसली आणि भांड्यात हात घालून मूठभर दाणे घेतले. आजी म्हणून हाक मारली नाही, मांडीवर आली नाही. ती मटारांकडे आली होती, आजीकडे नाही. पण सुईबाई त्या दिवशी दवाखान्यात जिना चढताना गुणगुणत होत्या, हे बुटांच्या दुकानदारानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पुढचे दिवस असेच गेले. जायला चार दिवस उरले होते, तेव्हा मुलाचं पत्र आलं. प्रवासाआधी मुलीला आणखी एक लस हवी, टोचल्याचा दाखला असल्याशिवाय तिकडे उतरू देत नाहीत.

सुनेनं पत्र वाचून घडी घातली. टेबलावरची चार घड्याळं तेवढी चार तऱ्हांनी वाजत होती.

“डॉक्टरांना देऊ दे,” आजोबा म्हणाले. “तू घरी थांब. आजवर वाईटपणा तू घेतलास, एकदा त्यांना घेऊ दे.”

“त्यांचा हात माहीत आहे ना? हातोडा! तीन दिवस पोरीचा पाय उचलणार नाही. प्रवासात हाल होतील तिचे.”

“मग मटार खाताना, लक्ष नसताना?” सुनेनं विचारलं. “किंवा झोपेत?”

“नको गं.” सुईबाईंनी मान हलवली. “मटारात सुई मिसळली, तर मटारही गेले. झोपेत टोचलं, तर ती झोपेला भिईल. तूच तर शिकवलंस, कशाची जोडी कशाशी जमेल ते.”

ती सगळी दुपार त्या पहिल्या फरशीवर बसून होत्या. शेंगा नव्हत्या हातात. भिंगरी ठोकळे रचत होती, पाडत होती. सुईनं वाचवलेली पोर. ती सुई देताना त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं की आपण काही गमावतोय. आता मात्र दोन्ही समोर मांडून ठेवलं होतं. एकीकडे पोरीच्या पायाचं दुखणं, दुसरीकडे आपलं. शेवटी आपलेच दात नि आपलेच ओठ.

संध्याकाळी त्यांनी सुनेला हाक मारली.

“आपण इतके दिवस कोट लपवला ना? आता तो तिला दाखवू या. मी आधी साधीच समोर येईन, मग तिच्या देखत कोट घालीन. टोचून झालं की तिच्या देखत काढीन. सुई कोटाची आहे, आजीची नाही, एवढं तिला कळलं तर कळलं.”

“आणि नाही कळलं तर? पुन्हा सोळा फरश्या चालायला दिवस कुठे आहेत, आई?”

“नाहीत. माहीत आहे मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या सून भिंगरीला घेऊन मागच्या खोलीत आली. पलंगावर पांढरी चादर होती, म्हणून भिंगरीचे बूट काढून खाली ठेवले. पेटी सुईबाईंनी आधीच उकळून झाकण बाजूला काढून ठेवलं होतं. सुई सगळ्यांत बारीक निवडली होती आणि तिला दोनदा धार लावली होती. आजीला साध्या कपड्यांत बघून भिंगरी रडली नाही, नुसती आईला बिलगून राहिली.

“हे बघ भिंगरी,” सुईबाई खुंटीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. “आजी आता कोट घालते. कोट घातला की टोचायचं. कोट काढला की टोचायचं नाही. बघ हं.”

कोट अंगात गेला आणि भिंगरीचा भोंगा सुरू झाला. सुईबाईंनी ‘कुठे काय, काही नाही होत’ असं एकदाही म्हटलं नाही. “दुखेल थोडं,” एवढंच म्हणाल्या. रडणं टिपेला पोचायच्या आत सुई आत जाऊन बाहेर आली होती.

मग त्यांनी सावकाश एकेक बटण सोडवलं. कोट खुंटीला अडकवला. हात धुतले. आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या, रिकामे हात मांडीवर ठेवून. बरणी हाताच्या अंतरावर होती. त्यांनी तिला हात लावला नाही.

भिंगरी रडत होती. सुनेनं तिला खाली उतरवून “जा, आजी…” असं काही म्हणायला तोंड उघडलं. सुईबाईंनी मान हलवून तिला गप्प केलं.

दार किलकिलं झालं. “बाई, बाहेर सात जणं आहेत,” डॉक्टर म्हणाले.

“बसू द्यात.”

एकतीस वर्षांत असं उत्तर त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्यांनी जमिनीवर बसलेल्या बाईंकडे बघितलं, चष्मा सारखा केला आणि दार हळूच लावून घेतलं.

रडण्याचे हुंदके झाले. हुंदक्यांची उचकी झाली. भिंगरीनं डोळे पुसून खुंटीकडे बघितलं. मग आजीकडे. पुन्हा खुंटीकडे. असं दोन-तीनदा झालं. लंगडत ती खुंटीपाशी गेली, वर बघून बोट दाखवलं.

“कोट.”

“हो,” सुईबाई म्हणाल्या. “कोट.”

एवढंच. भिंगरी वळली. आईकडे जाईल असं वाटलं, आणि ती निघालीही तिकडेच. पलंगापाशी पोचल्यावर मात्र खाली वाकली. दोन्ही बूट उचलून छातीशी धरले. सून हात पुढे करून बसली होती. तिला ओलांडून, अर्धी गिरकी घेत, अजून उचक्या देत भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि बूट सुईबाईंच्या मांडीत टाकले. मग पाठ वळवून स्वतःही तिथेच बसली. धप्पकन.

“आजी, बूट.”

सुईबाईंनी एक बूट घेतला. समोर तिचा पाय दिसत होता, पण धड दिसत नव्हता. त्यांनी तो बूट पायात सारला, बंद ओढला.

भिंगरीनं मान वाकडी करून आधी बुटाकडे, मग आजीकडे बघितलं. असला अडाणीपणा तिनं आजवर पाहिला नसावा.

“हा नाही,” ती रागावून म्हणाली आणि दुसरा पाय पुढे केला. “हा!”